होमलँड सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम (अमेरिका)

दहशतवादी हल्ला किंवा मोठी आपत्ती येण्याआधीच तयारी करून ठेवता यावी म्हणून अमेरिकेचं केंद्र सरकार राज्यांना, शहरांना आणि काउंट्यांना (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) जे अनुदान देतं त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त भांडणं झालेला प्रोग्रॅम म्हणजे हा. आपत्ती झाल्यानंतरची मदत वेगळी, ती यात येत नाही, पण दोन्ही पैसे फेमा या केंद्राच्या एकाच आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडून जातात त्यामुळे लोकांची गल्लत होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात यात साधारण १०० कोटी ८० लाख डॉलर होते. त्यातले ३७ कोटी ३५ लाख राज्यांना, ५५ कोटी ३५ लाख जास्त धोका असलेल्या मोठ्या शहरांना (या भागाला यूएएसआय म्हणतात) आणि उरलेले ८ कोटी १० लाख सीमाभागातल्या पोलिसांना, ज्याचं नाव ऑपरेशन स्टोनगार्डन.

खूप जणांना वाटतं की हे सगळं ९/११ नंतर सुरू झालं, पण तसं नाही. शीतयुद्धात अणुबॉम्बच्या भीतीने १९५० साली सिव्हिल डिफेन्सचा कायदा झाला होता आणि तेव्हापासून राज्यांना थोडाफार पैसा जात होता. मग १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली ट्रकबॉम्ब फुटला, १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन वायू सोडला गेला आणि पुढच्याच महिन्यात ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं गेली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये कायदा करून १२० मोठ्या शहरांतल्या पोलिसांना आणि फायरवाल्यांना रासायनिक हल्ल्याचं ट्रेनिंग द्यायचं ठरलं. ९/११ ला एकट्या न्यूयॉर्क फायर डिपार्टमेंटचे ३४३ जण मेले. त्या दिवशी पोलिसांची आणि फायरवाल्यांची रेडिओ यंत्रणा एकमेकांशी जोडलेली नव्हती, वरून हेलिकॉप्टरमधल्या पोलिसांना जे दिसत होतं ते आत जिन्यावर चढणाऱ्या फायरवाल्यांपर्यंत नीट पोचलंच नाही. पहिल्या तासात जागेवर असतो तो लोकल माणूस, वॉशिंग्टनहून कोणी येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, म्हणून पैसा खाली पोचला पाहिजे हा या सगळ्या योजनेमागचा विचार आहे आणि तो मला तरी शंभर टक्के पटतो. २००३ मध्ये २२ सरकारी संस्था एकत्र करून होमलँड सिक्युरिटी खातं उभं राहिलं आणि अनुदानं त्याच्याकडे गेली.

पण पैसा वाटायचा कसा? सगळं भांडण इथे आहे. ९/११ नंतर लगेच झालेल्या २००१ च्या पॅट्रियट या दहशतवादविरोधी कायद्यात लिहिलं होतं की प्रत्येक राज्याला एकूण रकमेच्या किमान ०.७५ टक्के मिळालेच पाहिजेत. दिसायला आकडा छोटा, पण पन्नास राज्यांनी गुणला की जवळपास ४० टक्के पैसा धोका न बघताच वाटला जातो, आणि उरलेला सुरुवातीला लोकसंख्येवर दिला जायचा. त्यामुळे पाचेक लाख वस्तीच्या वायोमिंगला माणशी न्यूयॉर्कच्या कितीतरी पट पैसे मिळाले. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य, मग राज्य केवढंही असो, त्यामुळे छोट्या राज्यांचा वाटा कमी करणं राजकीयदृष्ट्या सोपं नव्हतंच. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या ९/११ कमिशनने २००४ च्या रिपोर्टमध्ये स्पष्ट सांगितलं की हा पैसा फक्त धोका आणि कमकुवत जागा बघून द्या, खिरापत करू नका. तरी कायदा बदलायला २००७ उजाडलं, आणि तेव्हाही किमान वाटा गेला नाही, फक्त टप्प्याटप्प्याने ०.३५ टक्क्यांवर आला.

बरं, धोका मोजायचा म्हटलं तरी ते सोपं नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्क शहराचे यूएएसआयचे पैसे २० कोटी ७० लाखांवरून १२ कोटी ४० लाखांवर आले, आणि खात्याच्या मूल्यांकनात शहरातल्या राष्ट्रीय स्मारकांच्या रकान्यात शून्य होतं. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी असलेलं शहर! खात्याने सांगितलं की त्या जागा दुसऱ्या रकान्यांत मोजल्यात, पण लोक भडकायचे ते भडकलेच. त्याच वर्षी खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने (खात्याचा कारभार तपासणारा अधिकारी) देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांची यादी तपासली. त्यात ७७ हजारांवर नोंदी, एकट्या इंडियाना राज्याच्या ८,५९१ म्हणजे न्यूयॉर्क राज्यापेक्षाही जास्त, आणि या देशभरच्या यादीत एक पॉपकॉर्नचा कारखाना आणि एक पेटिंग झू (मुलांना प्राणी हाताळता येतात असं प्राणिसंग्रहालय) पण होतं. हे वाचून वाईट वाटतं, कारण यादीच अशी असेल तर तिच्यावर बेतलेल्या वाटपावर विश्वास कसा ठेवायचा.

पैशाचा प्रवास असा: राज्याने नेमलेली एक संस्था अर्ज करते, आपल्याला कोणते धोके आहेत आणि त्यासाठी काय कमी पडतंय हे कागदावर मांडते, मंजूर झाल्यावर ८० टक्के पैसा ४५ दिवसांत लोकल पातळीवर द्यावा लागतो. कायद्यानुसार किमान २५ टक्के पोलिसांच्या दहशतवादविरोधी कामाला ठेवावे लागतात. उपकरणं फेमाच्या ठरलेल्या यादीतलीच घ्यायची, आणि जो खर्च राज्य स्वतः करतच होतं तो बंद करून त्याजागी हा पैसा वापरायला बंदी आहे.

यातून रेडिओ, केमिकल सूट, बॉम्बस्क्वाडचे रोबो, माहिती एकत्र करणारी फ्युजन सेंटर्स, खूप काही उभं राहिलं. पण न्यू हॅम्पशायरमधल्या कीन नावाच्या छोट्या शहराने चिलखती गाडीसाठी अर्ज केला तेव्हा धोक्याच्या ठिकाणांत भोपळ्यांच्या जत्रेचं नाव घातलं होतं, आणि सिनेटर टॉम कोबर्न यांनी २०१२ मध्ये असा खर्च खोदून काढला त्यात मिशिगनमधली बर्फाचा गोळा करायची मशीनं पण सापडली. तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं की उन्हात काम करणाऱ्यांसाठी बर्फ लागतो. कारण असेलही, पण ऑडिट करणाऱ्या जीएओने वर्षानुवर्षं विचारलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: एवढ्या पैशाने तयारी नेमकी किती वाढली हे फेमा मोजून दाखवू शकते का? समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

दुसरी बाजू म्हणजे बॉस्टन. १५ एप्रिल २०१३ ला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ दोन बॉम्ब फुटले, तीन जण गेले, अडीचशेच्या वर जखमी, कित्येकांचे पाय गेले, पण जिवंत हॉस्पिटलला पोचलेला एकही जखमी दगावला नाही. नशीब होतंच, मेडिकल तंबू शेजारीच होता, पण शहरातले पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स आणि हॉस्पिटलं त्याआधी यूएएसआयच्या पैशातून एकत्र मोठे सराव करत होती. पोलीस कमिशनर एड डेव्हिस यांनी नंतर काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, हेच सांगितलं. माझं मत असं की गाड्यांपेक्षा सरावावरचा पैसा जास्त वसूल होतो, फक्त त्याचा फोटो काढता येत नाही म्हणून तो मागणारे कमी.

यूएएसआयच्या यादीत २०१० मध्ये ६४ शहरं होती, २०११ मध्ये पैसा कापला आणि ३१ राहिली. बाहेर पडलेल्या शहरांकडे यंत्रं होती पण ती चालवायला आणि दुरुस्त करायला पैसा नव्हता.

याच्या शेजारी अजून दोन अनुदानं आहेत. एक ईएमपीजी, म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठीचं, यात निम्मा खर्च राज्य किंवा काउंटीने उचलायचा असतो आणि छोट्या काउंटीत आपत्ती अधिकाऱ्याचा पगारच यातून निघतो, चर्चा मात्र याची सगळ्यात कमी होते. दुसरं सेवाभावी संस्थांच्या सुरक्षेसाठीचं, सिनेगॉग, चर्च, मशिदी, गुरुद्वारे आणि हिंदू मंदिरं सगळ्यांना अर्ज करता येतो, कॅमेरे, मजबूत दरवाजे, गार्ड यासाठी. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी मंदिराच्या कमिटीवर असेल तर राज्याच्या संस्थेमार्फत अर्ज करायचा असतो, थेट फेमाकडे नाही, आणि आधी जागेचं सुरक्षा मूल्यांकन जोडावं लागतं.

२०२५ मध्ये केंद्राने या अनुदानांना इमिग्रेशन कारवाईत सहकार्य करण्याची अट जोडली, त्यावर अनेक राज्यं कोर्टात गेली, आणि सप्टेंबरमध्ये ऱ्होड आयलंडच्या फेडरल कोर्टाने ती अट बेकायदेशीर ठरवली.