वाळवंटातली दहा मैदानं

फेब्रुवारीच्या मध्यावर शिकागो आणि क्लीव्हलंडमध्ये बर्फ साचलेला असतो. त्या सुमारास अमेरिकेतले व्यावसायिक बेसबॉल संघ बाडबिस्तरा घेऊन उबदार मुलखात उतरतात. तिथे दीड महिना सराव आणि आपापसातले सामने चालतात. त्यांचे निकाल कुठल्याच गुणतक्त्यात धरले जात नाहीत, तरी प्रेक्षक तिकीट काढून येतात. तीस संघांपैकी पंधरा फ्लोरिडात जातात आणि उरलेले पंधरा अ‍ॅरिझोनात. अ‍ॅरिझोनाच्या या जत्रेचं नाव कॅक्टस लीग.

मार्चमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे फिनिक्सला जाणं झालं, तर तिथली मंडळी एका दिवशी दोन मैदानं सहज दाखवू शकतात. दुपारी एक सामना, रात्री दुसरा. फिनिक्सच्या परिसरात अशी दहा स्टेडियमं आहेत आणि या टोकाच्या सप्राइझपासून त्या टोकाच्या मेसापर्यंत गाडीने साधारण तासाभराचं अंतर. फ्लोरिडात मैदानं दोन किनाऱ्यांवर विखुरलेली असल्यामुळे हे जमत नाही. अ‍ॅरिझोनातच ती अशी एका मुठीत कशी आली? लोक सरळ उन्हाकडे बोट दाखवतात. मार्चमधलं पंचवीस अंशांचं कोरडं ऊन सुखाचं असतं, हे खरं. पण ते ऊन तिथे कायमच होतं. डेट्रॉइटचा संघ 1929 मध्ये फिनिक्सला सरावाला येऊन गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

खरी सुरुवात 1947 ची, आणि तिच्या मुळाशी वर्णभेद आहे. क्लीव्हलंडच्या संघाचा मालक बिल व्हेक याआधी मिलवॉकीच्या एका छोट्या संघाचा मालक होता. त्या काळात फ्लोरिडातल्या ओकाला गावी तो काळ्या प्रेक्षकांच्या भागात जाऊन बसला, तेव्हा शेरीफ आणि महापौर त्याला उठवायला आले, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. व्हेक गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता, त्यामुळे तपशिलाला थोडी सूट द्यावी. पण फ्लोरिडाचं वातावरण त्याने बनवून सांगितलं नव्हतं. 1946 मध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला तिथलं सॅनफर्ड गाव सोडावं लागलं होतं, आणि पुढच्या वर्षी त्याला घेणाऱ्या ब्रुकलिन डॉजर्स संघाने सरावासाठी थेट हवाना गाठलं.

काळा खेळाडू संघात घ्यायचा, तर सरावाची जागा बदलायला हवी, असा व्हेकचा हिशेब. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनजवळ त्याचं रँच होतं, हेही सोयीचं. युद्धात जखमी झालेला पाय नुकताच कापला होता, त्यालाही कोरडी हवा बरी. पण एकट्या संघाने सराव सामने खेळायचे कोणाशी? म्हणून त्याने न्यूयॉर्क जायंट्सचे मालक होरेस स्टोनहॅम यांना गळ घातली. जायंट्स फिनिक्सला आले, क्लीव्हलंड टूसॉनला. दोन संघांवर लीग सुरू झाली म्हणणं जरा धाडसाचंच, पण बीज तेच.

त्याच वर्षी 5 जुलैला लॅरी डोबी क्लीव्हलंडकडून मैदानात उतरला, अमेरिकन लीगमधला (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगांपैकी एक) पहिला काळा खेळाडू म्हणून. पुढच्या वसंतात तो टूसॉनला आला, तर संघाच्या हॉटेलने त्याला खोली नाकारली. बाकीचे सांता रीटा हॉटेलात, डोबी एका काळ्या कुटुंबाच्या घरी. अ‍ॅरिझोनातही तेव्हा काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. कॅक्टस लीगच्या कौतुकात व्हेकची गोष्ट नेहमी येते, हे हॉटेल मात्र बऱ्याचदा गळतं. त्याच वर्षी डोबीसह क्लीव्हलंडने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, जिंकली.

पुढची भर हळूहळू पडली. 1951 मध्ये एका मोसमापुरती जायंट्स आणि न्यूयॉर्कचाच दुसरा संघ यांकीज यांनी सरावाच्या जागांची अदलाबदल केली. यांकीजचे एक मालक डेल वेब हे फिनिक्सचे बांधकाम व्यावसायिक होते, त्यांना आपला संघ घरच्या लोकांना दाखवायचा होता. 1952 मध्ये शिकागो कब्ज कॅलिफोर्नियाचं कॅटालिना बेट सोडून मेसाला आले. त्यांना आणण्यात ड्वाइट पॅटरसन या स्थानिक रँचमालकाचा मोठा हात होता. त्याच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी मंडळाला होहोकाम हे नाव घेतलं. याच वाळवंटात शेकडो वर्षांपूर्वी कालवे खोदून शेती करणाऱ्या लोकांचं ते नाव. स्कॉट्सडेलमध्ये 1961 पासून चारोज नावाचं असंच मंडळ आहे. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळांसारखीच ही माणसं, वर्षानुवर्षं फुकट राबणारी.

1954 मध्ये यूमाला बाल्टिमोरचा संघ आला, चार संघ झाले आणि कॅक्टस लीग हे नाव रूढ झालं. मग संघच पश्चिमेकडे सरकू लागले. जायंट्स आणि डॉजर्स 1958 पासून कॅलिफोर्नियात खेळू लागले, नंतर एंजल्स, पाद्रेज, सिएटल असे नवे संघ निघाले, आणि अ‍ॅरिझोना जवळ वाटू लागलं. सिएटल पायलट्सचा किस्सा सांगायलाच हवा. 1970 चा सराव टेम्पीत आटोपला तेव्हा या संघाचं दिवाळं निघत होतं आणि मिलवॉकीचे लोक तो विकत घ्यायला टपले होते. सामान भरलेला ट्रक यूटात येऊन थांबला होता, कारण सिएटलला वळायचं की मिलवॉकीला, हे चालकाला सांगणारं कोणी नव्हतं. न्यायालयाचा निर्णय आला आणि ट्रक मिलवॉकीला गेला.

आज दिसणारा थाट मात्र उन्हाचाही नाही आणि व्हेकचाही नाही. तो करांचा आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडातली गावं नव्या स्टेडियमांची लालूच दाखवून संघ पळवू लागली. अ‍ॅरिझोनात उरले होते आठ. गव्हर्नर रोझ मोफर्ड यांनी 1988 मध्ये खास समिती नेमली. त्यातून मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात, भाड्याच्या प्रत्येक गाडीमागे अडीच डॉलरचा अधिभार आला. पाहुणा विमानतळावर गाडी घेतो आणि स्टेडियमचे पैसे भरतो. स्थानिक मतदाराच्या खिशाला फारसा धक्का नाही, हीच त्यातली हुशारी. 1994 मध्ये पिओरियात दोन संघांना मिळून एक संकुल बांधलं गेलं, आणि हा नमुना पुढे सर्रास उचलला गेला. 2000 मध्ये मतदारांनी हॉटेलच्या खोल्यांवर आणि भाड्याच्या गाड्यांवर आणखी कर मंजूर केला. त्या पैशाच्या आधाराने 2003 मध्ये सप्राइझ, 2009 मध्ये गुडइयर आणि कॅमलबॅक रँच उभी राहिली. डॉजर्सनी फ्लोरिडातला साठ वर्षांचा मुक्काम मोडला. 2011 मध्ये सॉल्ट रिव्हर फील्ड्स हे स्टेडियम पिमा-मारिकोपा समाजाच्या जमिनीवर झालं. आदिवासी भूमीवरचं हे बेसबॉलचं पहिलं सराव-संकुल.

ही मैदानं दहा-पंधरा हजार माणसांची. कुंपणापलीकडच्या हिरवळीच्या उतारावर चादर पसरून बसता येतं. सकाळी मागच्या मैदानांवर सराव चालतो, तेव्हा लाखो डॉलर कमावणारा पिचर (चेंडू फेकणारा) दोन हातांवरून जातो आणि पोरं सहीसाठी चेंडू पुढे करतात. वानखेडेला हे स्वप्नातही शक्य नाही.

या दाटीत एक गाव बाहेर पडलं. टूसॉन फिनिक्सपासून पावणेदोनशे किलोमीटरवर. संघांना रोजचा तो बसप्रवास नकोसा झाला. क्लीव्हलंड 1992 नंतर गेलं होतंच. फ्लोरिडातल्या होमस्टेडला त्यांच्यासाठी बांधलेलं स्टेडियम अँड्र्यू चक्रीवादळाने मोडलं, ते विंटर हेवनला गेले आणि 2009 मध्ये परतले, पण गुडइयरला. 2010 च्या मोसमानंतर टूसॉनमध्ये एकही संघ उरला नाही. व्हेकने जिथे पहिला तळ टाकला, त्या हाय कॉर्बेट मैदानावर 2012 पासून विद्यापीठाची मुलं खेळतात.