इडली फुगते ती एका कार्बनमुळे

सध्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय : ‘रात्रभर थांबू नका, १० मिनिटांत प्रोबायोटिक इडली!’ रवा, दही, वरून फ्रूट सॉल्टची पुडी, झालं. इडली होते, त्याबद्दल वाद नाही. रवा इडलीचा जन्मच दुसऱ्या महायुद्धातल्या तांदूळटंचाईत झाला, असं बेंगळुरूचे एमटीआर उपाहारगृहवाले सांगतात, आणि ती लागतेही झकास. पण ‘प्रोबायोटिक’ ही शुद्ध थाप आहे. प्रोबायोटिक म्हणजे पोटात जिवंत पोचणारे उपयुक्त जिवाणू. दह्यातले असोत की आंबलेल्या पिठातले, हे जिवाणू १०० अंशांच्या वाफेत १० मिनिटं बसल्यावर जिवंत राहत नाहीत. मग इडली झटपट असो वा रात्रभर आंबवलेली. आंबवण्याचा फायदा होतो तो त्यांनी मरण्याआधी पिठात करून ठेवलेल्या कामाचा.

त्यातला मुख्य गडी म्हणजे ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडस. इडलीचं पीठ फुगवण्यात याचाच हात मोठा, हे मुखर्जी, स्टाइनक्राउस या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिलं. तो विकत आणावा लागत नाही, उडदाच्या डाळीबरोबर आपसूक पिठात येतो. दही बनवणाऱ्या जिवाणूंचाच हा भाऊबंद, पण एका बाबतीत वेगळा. दही लागतं तेव्हा फुगत नाही, पीठ मात्र फुगतं. असं का?

ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन असतात. दह्यातले जिवाणू त्याचे सरळ दोन तुकडे करतात, ३ आणि ३. दोन्ही तुकड्यांचं लॅक्टिक आम्ल होतं, हिशेब संपला, वायूसाठी काहीच उरत नाही. ल्युकोनोस्टॉककडे ग्लुकोजचे असे बरोबर दोन तुकडे करणारी यंत्रणाच नाही. तो आधी ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करून ६-फॉस्फोग्लुकोनेट बनवतो आणि मग त्याच्या टोकाचा, पहिल्या क्रमांकाचा, कार्बन काढून टाकतो. हा सुटलेला एकटा कार्बन म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. उरलेल्या ५ कार्बनी साखरेचे फॉस्फोकीटोलेज हे विकर ३ आणि २ असे तुकडे करतं. तिनाचं लॅक्टिक आम्ल, दोनाचं अल्कोहोल. म्हणजे ६ = ३ + २ + १. मधली नावं विसरलात तरी चालेल, शेवटचा १ तेवढा लक्षात ठेवा. इडली फुगते ती त्याच्या जोरावर.

मराठवाड्यातल्या पिठाच्या तक्रारींचं उत्तरही इथेच आहे. ल्युकोनोस्टॉकला २० ते ३० अंश मानवतात. डिसेंबरात परभणीचा पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा रात्री झाकलेलं पीठ सकाळी जसंच्या तसं असतं. मे महिन्यात उलट तऱ्हा. स्वयंपाकघरात रात्रीही उकाडा असतो, हा गडी मागे पडतो आणि ३ + ३ वाले पुढे सरकतात. पीठ आंबटढाण होतं पण फुगत नाही.

हे न बघता दोष कुणाच्या तरी हातावर ढकलला जातो. विटाळशीनं पीठ कालवलं म्हणून नासलं, अमकीच्या हाताला गुणच नाही, असं आजही चांगली शिकली-सवरलेली माणसं बोलतात. ल्युकोनोस्टॉकला पाळी कळत नाही, तापमान कळतं. थंडीत पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, वरून गोधडी टाका. उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच पीठ फ्रीजमध्ये सरकवा.

वायू तयार झाला तरी तो पिठात टिकायला हवा. गव्हात वायू धरून ठेवणारं ग्लुटेन हे चिवट प्रथिन असतं, तांदळात नाही. इथे उडीद कामाला येतो. त्यातली ग्लोब्युलिन प्रथिनं बुडबुड्यांच्या कडेला जाऊन पातळ पापुद्रा धरतात आणि अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची चिकट शर्करा पिठाला दाटपणा देते, म्हणून बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटत नाहीत. डाळ वेगळी, भरपूर वाटायची ती याचसाठी. वाटताना शिरलेली हवेची बारीक छिद्रं हीच पुढे वायू साठण्याची जागा असते, कारण वायूला नवा बुडबुडा तयार करण्यापेक्षा आहे त्या बुडबुड्यात शिरणं सोपं जातं. डाळ झाली का, हे बघायला वाटीभर पाण्यात तिचा एक थेंब टाका. तळाला गेला तर अजून वाटा, तरंगला तर पुरे.

याचा अर्थ असा की इडलीत तांदूळ बदलता येतो, उडीद नाही. मग आपल्याकडे ज्वारी असताना तांदळाचाच हट्ट कशाला? ज्वारीतही ग्लुटेन नाही, पण फेस धरायचं काम उडदाचं आहे, तिचं नाही. ज्वारीत तंतू भरपूर. परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाणही काढलाय. अडचण एकच, धान्यातलं फायटिक आम्ल हे लोह जखडून ठेवतं. पीठ आंबट होत गेलं की धान्यातलंच फायटेज हे विकर जोमानं काम करतं आणि ती पकड सैल होते. पुडीवाल्या इडलीत नेमकं हेच राहून जातं, तिथे फायटेजला वेळच मिळत नाही.

प्रमाण : दोन वाट्या ज्वारी, एक वाटी उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथ्या, मूठभर पोहे. अख्खी ज्वारी रात्रभर भिजू द्या, चार तासांत ती मऊ होत नाही. सकाळी वाटलं तर रात्री पीठ तयार, ते फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. मग न्याहारीला साचा भरून १२ मिनिटं वाफवायचं, कुकरची शिट्टी काढून. रंग पांढराशुभ्र येणार नाही, मुलं नाक मुरडतील. सोबत सांबाराऐवजी जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि तेल घ्या, तेवढाच वेळ वाचतो.

पीठ फुगलंच नाही, तर सोड्याचा डबा उघडू नका. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम सोड्यात १,३०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची दिवसाची मर्यादा २,००० आहे. शिवाय उरलेल्या सोड्यानं पिठातलं बी-१ जीवनसत्त्व खराब होतं. त्यापेक्षा त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर धिरडी टाका. पातळ थराला बुडबुड्यांची गरज पडत नाही, तापल्या तव्यावर पाण्याची वाफच त्याला जाळी पाडते.