निळा टोपाझ म्हणजे रंगवलेली काच नव्हे

“निळा टोपाझ? अहो, ती रंगवलेली काच!” हे इतकी वर्षं ऐकू येतंय की अनेकांना ते खरंच वाटतं. त्यात तथ्य एवढंच की टोपाझ या रत्नाचा गडद निळा खडा निसर्गात क्वचितच सापडतो. दागिन्यांतले बहुतेक निळे टोपाझ खडे मुळात बिनरंगी असतात, पण असतात अस्सल टोपाझच. मोह्‌स मापावर (कठीणता मोजायचं 1 ते 10 चं माप) टोपाझची कठीणता 8, काचेची साधारण साडेपाच.

रंगही वरून फासलेला नसतो. खड्यावर इलेक्ट्रॉन, गॅमा किरण किंवा अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचा मारा करतात. त्याने खडा बऱ्याचदा तपकिरी-हिरवट होतो, दिसायला अगदी कळकट. मग तो तापवला की तपकिरी छटा जाते आणि निळा रंग उरतो. हा रंग उन्हाने उडत नाही.

उरली किरणोत्साराची भीती. न्यूट्रॉनचा मारा झालेला खडा काही काळ किरणोत्सारी असतो, हे खरं. म्हणूनच तो महिनोन्‌महिने बाजूला ठेवून, मोजून मगच बाजारात सोडायचा असतो. अमेरिकेत त्यासाठी अणुनियामक आयोगाचा परवाना लागतो. नुसत्या गॅमा किरणांनी खडा किरणोत्सारी होत नाही.

चौकशी करायचीच तर इंद्रधनुषी ‘मिस्टिक’ टोपाझची करा. त्याचे रंग खड्यावर चढवलेल्या अतिशय पातळ थरामुळे दिसतात. तो थर ओरखडतो, आणि दुरुस्तीत पॉलिश मारलं तर निघूनही जातो. असा खडा कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापडानेच पुसावा.