पोर्टेबल प्रोजेक्टर: लावायचा कसा, आणि अडला तर बघायचं काय

(आमच्याकडून मशीन विकत किंवा भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

हे पत्रक बॅगेच्या वरच्याच कप्प्यात ठेवलंय. कंपनीचं छापील पुस्तक खालच्या कप्प्यात आहे, पण ते सहसा कोणी उघडत नाही. आणि उघडलं तरी देवळाच्या सभामंडपात किंवा घराच्या राजांगणात मशीन नेमकं कुठे ठेवायचं, ते त्यात नसतं.

आम्हाला फोन येतात ते बहुधा कार्यक्रमाच्या दिवशी, माणसं खुर्च्यांवर येऊन बसल्यावर. तेव्हा मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. उजेड, जागा, वायर किंवा मोबाईल यांपैकी कशाचं तरी बिनसलेलं असतं. म्हणून एक विनंती आहे. आदल्या संध्याकाळी, त्याच जागेवर, त्याच मोबाईलवरून किंवा लॅपटॉपवरून, तोच व्हिडिओ पाच मिनिटं लावून बघा. घरी दुसऱ्या मोबाईलवर चाललं म्हणजे मंडपात चालेलच असं नाही.

आधी अंधार

"दिवसा दिसेल का?" हे सगळेच विचारतात. नाही दिसणार. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. पडद्यावरचा काळा भाग म्हणजे जिथे मशीनने उजेड टाकलेला नाही ती जागा. तिथे बाहेरचा उजेड पडला की काळ्याचा राखाडी होतो आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं. कितीही महाग मशीन आणा, हे टळत नाही.

आपल्याकडे गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. त्यापुढे अर्धा तास तरी सोडा. मे महिन्यातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत साडेसहाची वेळ छापलीत, तर पहिला तास भाषणांतच घालवावा लागेल.

उजेडाचं माप लुमेन. आमची भाड्याची लहान मशीन 500 अँसी लुमेनची आहेत. 'अँसी' हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यात पडद्यावरच्या नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांवर '9000 लुमेन' छापलेलं असतं, त्यात हा शब्द शोधून बघा. नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता हिशोब. 100 इंची चित्र (कर्णात मोजलेलं) सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच होतं. पूर्ण अंधारात, साध्या पांढऱ्या पडद्यावर 500 अँसी लुमेनमधून तिथे सुमारे 57 निट्स (पडदा किती उजळ दिसतो त्याचं माप) उजेड मिळतो. सिनेमागृहाच्या पडद्याचं प्रमाण 48 निट्स आहे, म्हणजे आपलं लहान मशीनही या मापाला कमी पडत नाही. तेच चित्र 150 इंचांवर नेलंत की उजेड 26 वर येतो, आणि 200 इंचांवर जेमतेम 14. मोठं चित्र हवं हा हट्ट आम्हाला समजतो, पण वाड्यावरच्या पन्नास-साठ माणसांना 120 इंच भरपूर होतं. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 पासून गोव्यात भरतो, आणि दर नोव्हेंबरनंतर "तिथे मैदानावर दाखवतात तसं करा" अशी मागणी येते. ती मशीन वेगळ्या जातीची असतात. खांद्यावरच्या बॅगेत मावणाऱ्या मशीनकडून तेवढी अपेक्षा धरू नका.

चवथीच्या दिवसांत माटोळीची (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीची) रोषणाई बंद करा म्हणून आम्ही सांगणार नाही. पडदा तिच्यासमोर न लावता काटकोनात, बाजूच्या भिंतीवर लावा आणि पडद्याजवळची ट्यूब तेवढी बंद करा. मोठं मशीन आणण्यापेक्षा ती एक ट्यूब बंद केल्याने जास्त फरक पडतो.

पडदा

एकेरी चादर बांधाल तर बराचसा उजेड आरपार मागे जातो. जाड पांढरं कापड घ्या किंवा चादर दुहेरी करा, इस्त्री करा, आणि चारही बाजूंनी ताणून बांधा. वर दोरी आणि खाली नुसतं लोंबणारं कापड असं करू नका. चिऱ्याच्या भिंतीवर गुळगुळीत गिलावा आणि पांढरा रंग असेल तर पडद्याची गरजच नाही. उघडे चिरे मात्र चालत नाहीत, कारण लाल दगड रंगही गिळतो आणि बारीक अक्षरंही.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवा. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर तीन फूट पुरे.

मशीन सरळ ठेवा, कीस्टोन शेवटी

या पत्रकातलं एकच कलम वाचणार असाल तर हे वाचा.

आमच्या मशीनला चित्राच्या रुंदीच्या 1.2 पट अंतर लागतं. म्हणजे 100 इंची चित्रासाठी पावणेनऊ फूट, 150 इंचीसाठी तेरा फूट. विकत घेतलेल्या मशीनच्या पुस्तकात 'थ्रो रेशो' म्हणून आकडा असतो, त्याने रुंदीला गुणलं की झालं. टेप नसेल तर पावलांनी मोजा, फार बिघडत नाही.

मशीन पडद्याच्या बरोबर समोर आणि शक्य तितकं आडव्या पातळीत हवं. खाली स्टुलावर ठेवून तोंड वर केलं, की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होतं. मग लोक मेनूत जाऊन कीस्टोन फिरवतात आणि चौकट सरळ झाली म्हणून खूश होतात. पण कीस्टोन चित्र ओढूनताणून चौकोनात बसवतो. त्यात काही ठिपके वाया जातात, उजेड कमी होतो, बारीक अक्षरं फिसकटतात, आणि चौकटीबाहेर राखाडी उजेडाची पट्टी उरते. भजनाची पदं पडद्यावर दाखवणाऱ्या मंडळींना हे लगेच जाणवतं, कारण मात्रा आणि अनुस्वार आधी जातात. तिवई उंच करा, टेबलावर टेबल ठेवा, पण मशीन सरळ लावा. एवढं करूनही थोडा तिरकेपणा राहिला, तरच कीस्टोन. तिवईचा स्क्रू कॅमेऱ्याच्या स्क्रूच्याच मापाचा आहे, त्यामुळे लग्नाच्या फोटोग्राफरची मजबूत तिवई मिळाली तर उत्तम.

फोकस चित्रावर करू नका, अक्षरांवर करा. मोबाईलवर एखादं मराठी पान उघडून ते पडद्यावर आणा आणि चारही कोपरे बघा. मशीन गरम झालं की फोकस थोडा सरकतो, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा बघा.

नव्या मशीनमध्ये फोकस आणि कीस्टोन आपोआप होतात. बंद खोलीत ते छान चालतं. उघड्यावर खाऱ्या वाऱ्याने पडदा हलला की मशीनला वाटतं आपलीच जागा बदलली. मग सिनेमा चालू असताना पडद्यावर ठिपक्यांची नक्षी येते आणि चित्र धूसर होऊन पुन्हा जुळतं, दर काही मिनिटांनी. एकदा नीट जुळलं की सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही 'ऑटो' बंद करा.

लाईटचं बघा

मशीनचा अ‍ॅडॉप्टर ओल्या जमिनीवर ठेवू नका. पाटावर किंवा खुर्चीवर ठेवा. जनरेटरवर चालवणार असाल तर मध्ये यूपीएस किंवा स्टॅबिलायझर घ्या. एरवी मंडपातल्या मोठ्या दिव्यांची कळ दाबली की मशीन झटका खाऊन बंद होतं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, म्हणजे ऑक्टोबरात, संध्याकाळी गडगडाट सुरू झाला तर कळ बंद करून थांबू नका, पिन सॉकेटमधून बाहेर काढा.

बॅटरीवर चालणारी मशीन बॅटरीवर असताना उजेड कमी टाकतात. तो बिघाड नव्हे.

अडलं तर

*लाईट लागली, पण 'नो सिग्नल' येतं.* मशीन योग्य तोंडाकडे बघत नसतं. रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबून वायर ज्या एचडीएमआयमध्ये आहे तोच आकडा निवडा. तरीही नाही आलं तर लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. मग वायरची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट लावा. साधी तांब्याची एचडीएमआय वायर दहा मीटरपर्यंत निभावते. त्याहून लांब हवी असेल तर ऑप्टिकल घ्या. तिची टोकं उलटसुलट चालत नाहीत, 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपला आणि 'डिस्प्ले' लिहिलेलं मशीनला.

*मोबाईल टाइप-सी वायरने जोडला, काहीच येत नाही.* भोक तेच असलं तरी प्रत्येक मोबाईल त्यातून चित्र बाहेर देत नाही. कमी किमतीचे बरेच मोबाईल फक्त चार्जिंग आणि फाइली एवढंच करतात. यावर वायर बदलून उपयोग नाही. वायफायने जोडा, नाहीतर लॅपटॉप आणा.

*मोबाईलचा स्क्रीन दिसतो, पण ओटीटीवरचा सिनेमा लावला की काळोख, आणि आवाज मात्र येतो.* ही त्या अ‍ॅपची चोरीविरोधी कुलूपपट्टी आहे, मशीनचा दोष नाही. अ‍ॅप मशीनमध्येच असेल तर तिथून लावा, किंवा लॅपटॉप चांगल्या एचडीएमआय वायरने जोडा. याच जोडीला सांगतो: घरचं ओटीटी सदस्यत्व घरापुरतंच असतं. जाहीर ठिकाणी सिनेमा दाखवायचा तर हक्क असणाऱ्याची परवानगी लागते, ती समितीने आधी घ्यावी. आणि ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, तेव्हा सिनेमाची लांबी बघून सुरुवात करा.

*पेनड्राइव्हवरचं चित्र दिसतं, आवाज नाही.* फाइलमधला आवाज डॉल्बी किंवा डीटीएस प्रकारचा असतो आणि लहान मशीनना तो उलगडत नाही. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि एचडीएमआयने जोडा. पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल चढतच नसेल तर तो एफएटी32 प्रकारचा आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.

*ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.* ब्लूटूथ स्पीकर. भजनाच्या पदांना चालून जातं, नाटकाच्या रेकॉर्डिंगला अजिबात नाही. हेडफोनच्या भोकातून मिक्सरला वायर टाका. वायर टाकल्यावर स्पीकरमधून 'घूंऽ' असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर मशीन, लॅपटॉप आणि मिक्सर तिन्ही एकाच बोर्डावर घ्या.

*अक्षरं आरशातल्यासारखी उलटी.* कोणीतरी पडद्यामागून दाखवायची सेटिंग निवडलीय. 'प्रोजेक्शन' मध्ये जाऊन 'फ्रंट' करा.

*आपोआप बंद पडलं.* हात लावून बघा. गरम असेल तर हवा कोंडलीय. बाजूच्या जाळ्यांसमोर हातभर जागा मोकळी हवी. किडे येतात म्हणून मशीनवर फडकं टाकणारे ग्राहक आहेत, तसं कृपया करू नका. पहिल्या पावसानंतर पंखांची वाळवी उजेडाकडे झेपावते आणि पंखा ती आत ओढतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे मशीनच्या मागे, पंधरा-वीस पावलांवर एक उघडा बल्ब लावून ठेवा. बहुतेक पाखरं तिकडे वळतात.

*पडद्यावर पांढरे ठिपके, जागचे न हलणारे.* डीएलपी मशीनमधले सूक्ष्म आरसे अडकलेत. हे घरी दुरुस्त होत नाही, मशीन घेऊन या. मोबाईलने पडद्याचा फोटो काढल्यावर रंगीत पट्टे दिसतात, त्याची काळजी मात्र नको. डोळ्यांना दिसत नसतील तर सगळं ठीक आहे.

दमट हवा, धूप आणि लेन्स

विकत घेतलेल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं. गोव्यात मशीन वापरून झिजत नाही तेवढं नुसतं ठेवून खराब होतं. जूनमध्ये बॅगेत बंद केलेलं मशीन चवथीला काढलं की लेन्सवर कोळ्याच्या जाळीसारखे धागे दिसतात. ती बुरशी. ती काचेचा लेप खाते, आणि मग पुसूनही डाग राहतो. पावसाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांनी मशीन अर्धा तास चालू करा, त्याच्याच उष्णतेने आतला ओलावा जातो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की बदला. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तिथे ठेवूच नका.

एसी गाडीतून किंवा खोलीतून मशीन थेट बाहेर काढलं की लेन्सवर दव धरतं. बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा, मग काढा. दव पुसायला जाऊ नका.

देवळात लावताना धूप आणि कापूर जिथे पेटतो तिथून दूर ठेवा. कापराची काजळी तेलकट असते आणि पंखा ती सरळ आत घेतो. आरती होईपर्यंत मशीन बंद ठेवलेलं बरं.

लेन्स आधी फुंकणीच्या ब्लोअरने, मग बॅगेतल्या मऊ कापडाने. शर्टाचं टोक, काच पुसायचं निळं पाणी आणि तोंडाने फुंकणं, तिन्ही बंद. मुलांना लेन्समध्ये डोकावू देऊ नका.

परत आणताना

बटण बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत पिन काढू नका. मग बॅगेत: मशीन, अ‍ॅडॉप्टर, एचडीएमआय वायर, तिवई, कापड आणि रिमोट. रिमोट बहुधा पहिल्या रांगेतल्या एखाद्या खुर्चीवर सापडतो, मंडपवाला खुर्च्या गाडीत चढवायच्या आधी तिथे एक नजर टाका.