‘निसर्गक्रमाविरुद्ध’ म्हणजे नेमके काय?

भारतीय दंडसंहितेच्या आता रद्द झालेल्या कलम 377 विषयी बोलताना चर्चा बहुतेक वेळा समलिंगी संबंधांपाशी थांबते. कलमाच्या मजकुरात मात्र ‘समलिंगी’ हा शब्दच नव्हता. ‘कोणत्याही पुरुषाशी, स्त्रीशी किंवा पशूशी निसर्गक्रमाविरुद्ध’ केलेला शरीरसंबंध, एवढेच त्यात होते. पती-पत्नींना सूट नव्हती आणि संमतीचा उल्लेखही नव्हता. 1862 मध्ये दंडसंहिता अमलात आली, पण निसर्गक्रम म्हणजे काय हे तिने कुठेच सांगितले नाही.

ही व्याख्या न्यायालयांना करावी लागली. 1925 मध्ये, सिंध मुंबई इलाख्यात असताना, तिथल्या न्यायालयापुढे मुखमैथुनाचे एक प्रकरण आले. लैंगिक संबंधाचा नैसर्गिक हेतू म्हणजे गर्भधारणेची शक्यता, आणि ती जिथे नाही तो संबंध निसर्गक्रमाविरुद्ध, असे तिथे ठरले. पीडित एक लहान मूल होते. मुलावर जबरदस्ती झाली, आणि गुन्हा ठरवताना मोजली गेली ती गर्भधारणेची शक्यता! माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. अत्याचार करणारा आणि आपल्या खोलीत राजीखुशीने जवळ येणारे जोडपे, दोघे एकाच शब्दाखाली आले. शिवाय हीच कसोटी धरली तर निरोध वापरणारे जोडपेही गुन्हेगार ठरते, आणि पुढे सरकारनेच तो घरोघरी पोचवला.

त्याच इलाख्यात मुंबईच्या एका प्राध्यापकांनी, र. धों. कर्वे यांनी, 1921 मध्येच संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. 1927 पासून ते मासिक काढू लागले. त्यात वाचक हस्तमैथुनाविषयी विचारत, समलिंगी आकर्षणाविषयी विचारत. त्यांना सरळ उत्तरे दिली म्हणून 1934 मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बचावाच्या वकिलांचे, पुढे राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या डॉ. आंबेडकरांचे, म्हणणे होते की ही विकृती मानली तरी ती ज्ञानानेच दूर होईल. कर्वे खटला हरले. डॉक्टरांच्या सदरांत आजही ‘ही विकृती आहे का?’ असे विचारणारी पत्रे येतात. अनेकजण करतात ते ‘असामान्य’ कसे, हा साधा हिशेब भीतीपुढे टिकत नाही.

नंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध कलमातून वगळले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला, आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले हेही एक कारण म्हणून पुढे केले. पोलिसांच्या धमकीने दबलेले त्या आकड्यात येतच नाहीत, म्हणून हा युक्तिवाद मला अत्यंत अन्यायकारक वाटतो. त्याच वर्षी बलात्काराच्या व्याख्येत मुख आणि गुदमार्गही आले. म्हणजे कृतीच्या प्रकारापेक्षा संमती महत्त्वाची, हे कायद्याने तिथे मान्य केले. 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच तत्त्व 377 ला लावले.

1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली तर बलात्काराच्या तोडीचे कलम उरलेले नाही. आणि मुलांवरील अत्याचारांच्या बातम्यांचे मथळे अजून ‘अनैसर्गिक अत्याचार’ असेच छापले जातात, जणू अत्याचाराचा एखादा नैसर्गिक प्रकारही असतो.