घरची छोटी कामे स्वतः करताय? रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

आमच्याकडे हत्यारे भाड्याने न्यायला पहिल्यांदा येणारे बहुतेक लोक एकच वाक्य बोलतात: "भिंत खराब दिसतेय, रोलर द्या." रोलर आम्ही देतोच, पण आधी विचारतो, खराब म्हणजे नेमकं काय? पोपडे आलेत, डाग पडलाय, की नुसता रंग जुना झालाय? रंग जुना झाला असेल तर रोलर लगेच घेऊन जा. पोपडे आणि डाग असतील तर बहुतेक वेळा भिंतीत कुठून तरी पाणी मुरत असते, आणि त्यावर चढवलेला नवा रंगही जुन्याच्याच वाटेने जातो. हे आम्ही आमच्याच दुकानाच्या मागच्या भिंतीवर शिकलो. एका वर्षात दोनदा रंगवली आणि तिसऱ्यांदा वरचा पाइप बदलला.

म्हणून कमी पैशात घर ठीकठाक करायचे तर क्रम असा धरा: आधी पाणी थांबवा, मग सैल झालेले घट्ट करा, मग भोके-भेगा भरा आणि शेवटी रंग.

ओल येते कुठून?

यासाठी फक्त जाड प्लास्टिकचा दीड-दोन फुटी तुकडा आणि रुंद चिकटपट्टी लागते. भिंतीचा सुटलेला रंग खरवडा, पृष्ठभाग फडक्याने कोरडा करा, प्लास्टिक लावा आणि चारही कडा पट्टीने बंद करा. एक-दोन दिवस हात लावू नका. मग पाहा, ओलावा प्लास्टिकच्या कोणत्या बाजूला आहे. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर पाणी भिंतीतूनच येते आहे. वरचा पाइप, पलीकडचे न्हाणीघर, बाहेरच्या गिलाव्याची भेग, यांपैकी काहीतरी शोधावे लागेल. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीतली वाफ गार भिंतीवर बसते आहे. अशा वेळी खिडकी उघडी ठेवणे, स्वयंपाक-अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा लावणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे एवढ्यावर बरेचदा भागते. आमच्याकडून काहीच विकत घ्यावे लागत नाही.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. तो पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत पुट्टीचा विचारही करू नका. काळी बुरशी काढायला ब्लीच वापरत असाल तर त्यात अ‍ॅसिडचा टॉयलेट क्लीनर किंवा दुसरे कोणतेही क्लीनर कधीच मिसळू नका. अ‍ॅसिडबरोबर विषारी क्लोरिन वायू सुटतो.

टपकणारा नळ

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. त्यात पाणी किती गेले ते आमच्या शब्दावर घेऊ नका. नळाखाली मापाचे भांडे तासभर ठेवा आणि 24 ने गुणा. मग दुरुस्ती आजच करावीशी वाटते.

फिरवून आवळायचा जुन्या पद्धतीचा नळ असेल तर बहुधा आतला वायसर गेलेला असतो. मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातले उरलेले पाणी जाऊ द्या, आणि स्क्रू काढण्याआधी बेसिनच्या भोकात फडके कोंबा. हे शेवटचे सगळे विसरतात आणि मग छोटा स्क्रू बेसिनच्या पाइपात जातो. मूठ काढा, पान्याने स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, सोडवा. त्याच्या टोकाला रबरी चकती दिसेल, मध्ये गोल खाच पडलेली. तीच बदलायची. नवी बसवूनही नळ टपकत असेल तर ती जिथे टेकते ते आतले बूड झिजलेले आहे, वायसरला दोष देऊ नका. आणि नळ जोर लावून बंद करायची सवय घरात सगळ्यांनीच सोडायला हवी, वायसर त्यानेच लवकर चिरतो. पाव वळशात उघडणाऱ्या नळात असा वायसर नसतो, तिथे आतले कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला अख्खा भाग, बदलावे लागते.

जोडातून पाणी गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप (पातळ पांढरी पट्टी) आट्यांवर गुंडाळायची ती आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

खाली आलेले दार

दार जमिनीला घासायला लागले की लोक रंधा मागायला येतात. आम्ही आधी बिजागरीचे स्क्रू बघायला सांगतो. वरच्या बिजागरीचे स्क्रू नुसतेच गोल फिरत असतील तर लाकडातले भोक मोठे झाले आहे. स्क्रू काढा, दोन-तीन आगकाड्यांची डोकी मोडून टाका, काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोका, बाहेर राहिलेला भाग कापा, आणि गोंद वाळल्यावर तोच स्क्रू परत पिळा. दार जागेवर येते. तोवर दाराखाली पुठ्ठ्याची पाचर ठेवा, म्हणजे सगळा भार उरलेल्या बिजागरीवर येणार नाही.

दमट हवेत फुगलेले लाकडी दार मात्र तेव्हाच रंधून घेऊ नका. हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि फट कायमची राहते.

भिंतीत भोक पाडताना

स्विचबोर्ड आणि प्लगच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका. भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात. बिट आणि प्लास्टिकचा प्लग एकाच मापाचे घ्या, 6 मिलिमीटरच्या प्लगला 6 चाच बिट. किती खोल जायचे तिथे बिटवर चिकटपट्टी गुंडाळा. भोकाखाली कागदाचा खिसा चिकटवला तर धूळ त्यातच पडते. चष्मा घाला.

लांब फळी एका रेषेत बसवायची असेल तर महागडी लेझर पाणसळ लागत नाही. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरा आणि आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोके उघडी धरा. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबते, तिथे पेन्सिलने खूण करा.

आता रंग

यात निम्म्याहून जास्त वेळ रंग न लावण्यात जातो. सुटलेले पोपडे खरवडा, पुट्टी भरा, वाळल्यावर आधी 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, प्राइमर मारा. मग दोन हात द्या. गुळगुळीत, प्राइमर मारलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण 100 ते 120 चौरस फूट पुरते, म्हणून भिंत मोजून या. अंदाजाने नेलेला डबा एकतर उरतो किंवा शेवटच्या कोपऱ्यात संपतो. मास्किंग टेप रंग थोडा ओला असतानाच काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचा रंगही सोबत येतो.

घर फार जुने असेल तर जुन्या थरांत शिसे असू शकते. ते कोरडे घासू नका, आधी तपासून घ्या.

ही कामे आम्ही हत्यारे देऊनही करू देणार नाही

गॅसची जोडणी, मुख्य वायरिंग, भार पेलणारी भिंत फोडणे आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यात भोक पाडणे. शेवटच्यात उडणारे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगाचे कारण ठरतात. जाणकार माणूस बोलवा.

दुकानात येताना काढलेला जुना वायसर, स्क्रू किंवा बिजागरी सोबत आणा. आणता येत नसेल तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. "साधारण एवढा" असे बोटांनी दाखवलेले माप आम्ही घेत नाही, कारण मग तुम्हाला दोन खेपा पडतात. ड्रिल परत करताना बिट पेटीत आहेत का ते मोजा, आणि न वापरलेले प्लग-वायसर परत आणा, पैसे वळते करू. उघडलेला रंगाचा डबा मात्र परत घेत नाही.