पुढे की मागे : छोट्या वाफेच्या इंजिनातल्या रिव्हर्सची कुळकथा

वाफेच्या इंजिनाचं पहिलं मॉडेल बनवताना रिव्हर्सचा विचार सहसा कुणी करत नाही. फ्लायव्हील गरगरू लागलं की भरून पावतं. तेच इंजिन मॉडेल बोटीत किंवा रुळांवरच्या छोट्या लोकोमोटिव्हमध्ये बसवायची वेळ येते, तेव्हा मागे कसं जायचं हा प्रश्न पडतो. मग नकाशे उघडावेत तर लिंक, रॉड आणि लिव्हर यांचं जंजाळ समोर येतं आणि हात थबकतो. अशा वेळी आधी इतिहास पाहावा असं मला मनापासून वाटतं, कारण छोट्या इंजिनाला मानवणारी युक्ती बहुधा सगळ्यात जुन्या युक्त्यांमध्येच सापडते.

मूळ पेच एकच आहे. स्लाइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे सरकत वाफेची भोकं झाकणाऱ्या-उघडणाऱ्या झडपेच्या, इंजिनात वाफ सिलिंडरच्या कोणत्या टोकाला कधी सोडायची हे एक्सेंट्रिक ठरवतं. एक्सेंट्रिक म्हणजे शाफ्टवर केंद्र सोडून बसवलेली गोल चकती. शाफ्ट फिरला की ती व्हॉल्व्हला पुढेमागे सरकवते. ती फिरण्याच्या दिशेने क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने शाफ्ट फिरवणाऱ्या हाताच्या, 90 अंश पुढे असते, आणि व्हॉल्व्हला लॅप (भोकाच्या कडेबाहेर जाणारी त्याची जादा रुंदी) आणि लीड (पिस्टन टोकाला पोचण्याआधीच भोक किंचित उघडणं) दिलं असेल तर आणखी थोडी पुढे. म्हणून इंजिन उलटं फिरवायचं तर ही चकती क्रँकच्या दुसऱ्या अंगाला, तितक्याच अंशांवर जायला हवी.

गिरण्यांची इंजिनं वर्षानुवर्षं एकाच दिशेने फिरत, तिथे हा प्रश्न नव्हता. खाणीतून माल वर ओढणारी इंजिनं, जहाजं आणि रेल्वे यांनी तो उभा केला. 1829 मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलला झालेल्या लोकोमोटिव्हच्या चाचण्यांत जिंकलेल्या ‘रॉकेट’मध्ये एक्सेंट्रिकची जोडी आसावर सैल होती. ड्रायव्हर पायाने पेडल दाबून ती बाजूला सरकवी. एका बाजूच्या दात्यात अडकली की गाडी पुढे, दुसऱ्या बाजूच्या दात्यात अडकली की मागे. निघताना मात्र व्हॉल्व्ह हाताच्या दांड्यांनी हलवावे लागत. पुढच्या दशकात पुढची आणि मागची एक्सेंट्रिकं वेगवेगळी, आसावर पक्की बसवू लागले. त्यांच्या रॉडच्या टोकाला व्ही आकाराची खाच असे. एक रॉड सोडवायचा, दुसऱ्याची खाच व्हॉल्व्हच्या पिनवर बसवायची.

1842 मध्ये न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात विल्यम विल्यम्स आणि विल्यम हाऊ या तिथल्याच दोन कामगारांच्या डोक्यातून लिंक आली. दोन रॉडची टोकं एका वक्र, खाचेच्या पट्टीने जोडायची आणि व्हॉल्व्हचा ठोकळा त्या खाचेत सरकता ठेवायचा. पट्टी वरखाली केली की दिशा बदलते. मधल्या जागेकडे आणली तर पिस्टनची धाव संपण्याआधीच वाफ तोडली जाते आणि तिची बचत होते. मोठ्या इंजिनांना हा दुसरा फायदा फार मोलाचा ठरला. नाव मात्र लागलं ते कारखान्याच्या मालकाचं. दोनच वर्षांनी, 1844 मध्ये, बेल्जियमच्या एजीद वालशार्ट यांच्या रचनेचं पेटंट निघालं आणि पुढे तीही जगभर पसरली.

छोट्या इंजिनाची वाट इथून वेगळी होते. ‘स्टुअर्ट 10व्ही’ हे मॉडेल बनवणाऱ्यांचं आवडतं उभं इंजिन घ्या. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) पाऊण इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाऊण इंच, म्हणजे जेमतेम 19 मिलिमीटर. त्याला लिंक बसवता येते, आणि नीट बसली तर दिसायला देखणी असते. पण लिंक म्हणजे पिना, आणि प्रत्येक पिनेत केसभर ढिलाई. लॅपच मुळात मिलिमीटरच्या आत असेल, तर चार-पाच पिनांची ढिलाई मिळून त्यातला मोठा भाग खाऊन टाकते. मोठ्या इंजिनात ही ढिलाई जाणवणारही नाही.

म्हणून सैल एक्सेंट्रिक, म्हणजे ‘रॉकेट’च्या काळची कल्पना, मॉडेलांमध्ये आजवर टिकून आहे. शाफ्टवर एक कॉलर (कडं) ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या स्क्रूने, घट्ट करायची, तिला एक पिन ठोकायची आणि एक्सेंट्रिकच्या अंगावर त्या पिनेसाठी कमानीसारखी खाच कापायची. फ्लायव्हील हाताने उलट फिरवलं की एक्सेंट्रिक जागेवर राहतं, पिन खाचेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टेकते आणि इंजिन उलट्या दिशेला तयार. एक्सेंट्रिक 90 अंशांपेक्षा जितके अंश पुढे, त्याच्या दुप्पट 180 मधून वजा करायचे. उरतं तेवढं फिरणं खाचेने द्यायला हवं. जादा 30 अंश असतील तर फिरणं 120 अंश, आणि खाच त्याहून पिनेच्या जाडीइतकी लांब. दूरवरून चालवायच्या बोटीत मात्र हे उपयोगाचं नाही. तिथे फ्लायव्हीलला हात लावायला कोण जाणार?

डोलत्या सिलिंडरच्या इंजिनात एक्सेंट्रिकच नसतं. सिलिंडर स्वतः झुलतो आणि त्याचं भोक आळीपाळीने वाफेच्या आणि एक्झॉस्टच्या भोकासमोर येतं. ही खेळण्यातलीच रचना नव्हे. ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाच्या पॅडल इंजिनाचे 74 इंची सिलिंडर असेच डोलत. लॅप-लीड नसल्याने दोन्ही दिशा सारख्या, त्यामुळे वाफ आणि एक्झॉस्ट यांची अदलाबदल केली की पुरे. खाचा कोरलेली एक फिरती चकती आणि तिचा दांडा हे काम करतात. दांडा मध्ये ठेवला की वाफ बंद.

हीच अदलाबदल स्लाइड व्हॉल्व्हवर करून पाहण्याचा मोह होतो, पण तिथे ती चालत नाही. तो व्हॉल्व्ह पाठीवरच्या वाफेच्या दाबानेच बैठकीवर दबून राहतो. वाफ खालून, एक्झॉस्टच्या वाटेने सोडली तर ती त्याला उचलून धरते आणि सगळी निसटते. नळकांड्यात पिस्टनसारख्या सरकणाऱ्या पिस्टन व्हॉल्व्हला ही अडचण नाही. जहाजांवरच्या, दोर ओढणाऱ्या वाफेच्या विंचना आणि सुकाणू फिरवणाऱ्या इंजिनांना अशीच वाफ उलटी सोडून दिशा बदलत, आणि त्यासाठी त्यांच्या व्हॉल्व्हना मुद्दामच लॅप ठेवत नसत.